घडीत राहिलेलं ‘नका’

शिडाच्या बोटीतून पृथ्वीला वळसा घालून परत आल्यानंतर अण्णांना गादीवर म्हणून झोप लागली नाही. गादी चांगली होती. बायकोनं त्यांच्या येण्याआधी उन्हात घालून फुगवून ठेवली होती. पण अण्णा तिच्यावर आडवे झाले की थोड्या वेळानं उठून बसायचे आणि म्हणायचे, “ही हलतच नाही गं.” जणू दुकानदारानं बिघडलेली गादी गळ्यात मारली होती. मग उशी काखोटीला मारून ते घरामागच्या शिडांच्या कारखान्यात जायचे आणि जुन्या शिडांच्या ढिगावर अंग टाकायचे. ढीग थोडा खचायचा, कुरकुरायचा, कूस बदलली की सरकायचा. लगेच घोरणं सुरू. बापाच्या अंगाला कोऱ्या कापडाचा वास येतो, अशीच त्यांच्या दोन्ही मुलींची कितीतरी वर्षं समजूत होती.

पुढे अण्णा वारले, थोरली त्या कारखान्यात राहिली आणि धाकटी समुद्रावर गेली. “बापाचं वेड आम्ही वाटून घेतलं,” थोरली सांगायची. “मी शिवते, ती फाडून आणते.”

कारखाना म्हणजे एक लांबरुंद, घासून गुळगुळीत केलेली लाकडी जमीन. तिच्यावर बूट-चपला बंद, सगळे मोज्यांवर. शिवणयंत्रं जमिनीतल्या खड्ड्यांत बसवलेली, त्यामुळे यंत्राचा माथा आणि जमीन एका पातळीत. शिवणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि शीड त्याच्या चहूबाजूंनी पसरतं. नवीन माणूस दारात आला की त्याला कमरेपर्यंत दुधात बुडालेली माणसं दिसतात. कुणी मोठ्यानं बोलत नाही. बोललं तरी कापड आवाज पिऊन टाकतं.

कोपऱ्यातला तो ढीग अजून होता, आणि जगाला वळसा घालायच्या शर्यतींचा सगळा इतिहास त्यात थरांनी रचलेला होता. अगदी तळाशी अण्णांचं शीड. त्यावर फक्त एक आकडा, बाकी कोरं. त्या काळी कुणी शिडावर नाव लावत नसे. एका डबाबंद अन्नाच्या कंपनीनं अण्णांना डबे तेवढे फुकट दिले होते. ओलीनं डब्यांवरचे कागद सुटून गेले, मग कशात काय आहे ते फोडल्याशिवाय कळेना. अण्णा जन्मभर ते सांगायचे. “मटार की मासे, ते नशिबावर.” कंपनीनं परत आल्यावर विचारलं, आमचं अन्न कसं होतं? अण्णा म्हणाले, “अनपेक्षित.”

त्यावरच्या थरात चहावाल्यांचं शीड, त्यावर लहानसं, लाजरं नाव, पाहुण्यानं चप्पल कुठे काढू विचारावं तसं. मग सिगारेटवाल्यांचं. त्यांनी लाज सोडली आणि अख्खं शीडच रंगवलं. पुढे सिगारेटच्या जाहिरातींवर बंदी आली, कारखान्यानं बसून टाकेन्टाका उसवून अक्षरं काढली, पण उन्हानं बाकीचं कापड विटलं होतं आणि अक्षरांखालचं नाही. नाव गेलं ते जास्तच ठळक होऊन बसलं. मग एका बँकेचं शीड आलं. बोट अर्ध्या जगापलीकडे असताना ती बँक बुडाली. “बोट नाही बुडाली,” थोरली पाहुण्यांना दाखवताना सांगायची, “बँक बुडाली. गडी तीन महिने नसलेल्या बँकेची जाहिरात करत फिरत होता, त्याला बिचाऱ्याला सांगणार कोण?”

धाकटीला शर्यतीसाठी कंपनी मिळाली ती गादीची.

एकटीनं, कुठेही न थांबता, जगाला वळसा घालायचा. अशा शर्यतीत माणूस सलग झोपत नाही. पाव तासाची डुलकी, उठून क्षितिजावर नजर, दोर तपासायचे, परत डुलकी. महिनोन्‌महिने. आणि पैसा कुणाचा, तर गादीवाल्यांचा. धाकटीनं ही बातमी सांगितली तेव्हा थोरली हातातली सुई खाली ठेवून हसली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं.

“हसू नकोस ताई. चांगले लोक आहेत.”

“चांगलेच असणार. उपाशी माणसाच्या पाठीवर हॉटेलची पाटी लावतायत, वाईट कसे असतील?”

कंपनीकडून शिडाचं चित्र घेऊन जो माणूस आला त्याला कारखान्यानं पहिल्याच दिवशी ‘गादीवाला’ नाव देऊन टाकलं. पन्नाशीचा, नीटनेटका, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. त्यानं बूट दारात काढले, एका मोज्याला भोक होतं ते दुसऱ्या पायानं झाकत उभा राहिला. चित्रात शिडाच्या शेंड्याला कंपनीची खूण होती, उशीवर आडवा झालेला चंद्र. त्याखाली, एकाखाली एक, तीन ओळींत, कंपनीचं घोषवाक्य: जागे राहू नका.

“छान आहे,” थोरली म्हणाली.

“मीच सुचवलं,” गादीवाला म्हणाला. जरा थांबून, “मला स्वतःला झोप येत नाही.”

चूक झाली ती इथेच, आणि ती फक्त शिडं शिवणाऱ्यांच्याच हातून होऊ शकते. शिडावरची अक्षरं माणसापेक्षा मोठी असतात. ती वाचता येत नाहीत. ‘ज’ हा ‘ज’ नसतोच, नुसता एक बाक असतो, त्याच्यावर पालथं पडून कड दाबत पुढे सरकायचं. ‘ग’च्या काठीवर चष्मेवाला, कारखान्यातला जुना कारागीर, सबंध दुपार आडवा होता, त्याच्याच शब्दांत, “मी आज ‘गे’मध्ये आहे, उद्या मात्रेवर जाईन.” ‘राहू’ चिकटवताना कुणीतरी म्हणालं, राहू एवढा मोठा झाला म्हणजे ग्रहण नक्की. सगळे हसले. पण ते तिन्ही शब्द एका नजरेत कुणी पाहिले नाहीत, कारण पाहायला छतातून वर जायला हवं.

वाऱ्याचा जोर वाढला की शीड पूर्ण ठेवत नाहीत. ते थोडं उतरवून खालचा पट्टा घडी घालून बांधतात, म्हणजे वारा कमी धरला जातो. घडी कुठे पडणार ते दाखवायला शिडावर आडवी छिद्रांची रांग असते. ती रांग थोरलीनंच पाडली होती, आणि ‘नका’ तिच्या खाली बरोबर मावला याचं तिला समाधानच वाटलं होतं, एखाद्या खोलीत कपाट बरोबर बसावं तसं. आधीच्या शिडांवर असं नव्हतं असं नाही. पण बँकेचं नाव अर्धं झालं तरी बँकच राहतं. आणि कारखान्याच्या जमिनीवर वादळ कधी येत नाही. तिथे सगळी शिडं पूर्ण उघडी असतात.

धाकटी निघाली तेव्हा बंदरात मऊ वारा होता. शीड पूर्ण वर. चंद्र, उशी, जागे राहू नका. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गादीवाल्यानं रुमालानं घाम पुसला. थोरली बोटीच्या मागच्या पांढऱ्या रेघेकडे पाहत राहिली. टाके सरळ आले होते.

मग दक्षिणेचा समुद्र लागला. तिथे जमीन आडवी येत नाही, वारा पृथ्वीभोवती आपला आपण फिरत राहतो. धाकटीनं पहिली घडी घेतली आणि बोटीवरच्या कॅमेऱ्यातून एक चित्र पाठवलं. करड्या आभाळाखाली करडं पाणी, मध्ये ताठ पांढरं शीड. त्यावर उशीवर निजलेला चंद्र, आणि खाली स्पष्ट, खणखणीत: जागे राहू.

गादीवाला दुसऱ्या दिवशी दारात. या वेळी मोजे नवे होते.

“जगभर फिरतंय ते चित्र,” तो म्हणाला. “दुसऱ्या एका गादी कंपनीनं तर खाली लिहून पाठवलं, त्यांच्या गादीवर दुसरं काय करणार. आमचे मोठे साहेब हसले नाहीत.”

“माझ्या हातून झालंय,” थोरली म्हणाली. “‘नका’ घडीत गेला.”

“ते कळलं. आणि वारा अजून वाढला तर?”

“तर दुसरी घडी. मग नुसतं ‘जागे’ उरेल.”

गादीवाला मटकन खाली, शिडांच्या ढिगावर बसला. ढीग कुरकुरला. तो दचकून उठला आणि मग, का कुणास ठाऊक, परत बसला.

तिकडे उजाडत असायचं तेव्हा इकडे दुपार. धाकटीचा फोन दुपारीच यायचा, जेवणं आटोपून यंत्रं परत सुरू व्हायच्या आधी. नियमाप्रमाणे घरच्या माणसांशी बोलायला मुभा होती. शेवटचं भूशिर मागे टाकल्यावर तिचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र बिघडलं. दुरुस्त होईना. म्हणजे आता सुकाणू तिनंच धरायचं, आणि ती पाव तासाची डुलकीसुद्धा गेली. शर्यतीत ती दुसरी होती. पहिला फार पुढे नव्हता.

“झोपलीस का?” थोरली रोज विचारायची.

“झोपेन ना. झोप कुठे पळून जाते?” रोज आवाज थोडा अधिक गुळगुळीत, थोडा लांबून, आंघोळीच्या पाण्याखालून बोलल्यासारखा. “ताई, पाणी आज कारखान्याच्या जमिनीसारखं दिसतंय. मोज्यांवर चालता येईल असं.”

थोरलीला अण्णा आठवले. अण्णा सांगायचे ती गोष्ट दोघींनी शंभरदा ऐकली होती. तिसऱ्या समुद्रात, न झोपलेल्या कितव्यातरी दिवशी त्यांना डोलकाठीजवळ एक बाई कपडे वाळत घालताना दिसू लागली. शेजारीण असावी तशी. एकदा ती म्हणाली, जरा तेवढा चिमटा उचलून द्या हो. चिमटा कठड्यापलीकडे पडला होता. अण्णांचा एक पाय कठड्यावर होता तेव्हा बोट उसळली आणि ते मागे, आत पडले. “सभ्य बाई होती,” ते शेवटी म्हणायचे. “नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.” लहानपणी दोघी या वाक्याला हसायच्या.

आणि मग तो फोन आला. गादीवाला तेव्हा कारखान्यातच होता, बोलायला म्हणूनच आलेला. उद्या सकाळी बोट एका बेटाजवळून जाणार होती, तिथून छायाचित्रं काढायला विमान उडणार होतं. मोठ्या साहेबांना पूर्ण शीड हवं होतं. चंद्रापासून ‘नका’पर्यंत. तेवढ्यापुरती घडी सोडायची, विमान गेलं की परत घ्या. नाहीतर परतल्यावर पुढचा करार नाही. हे त्यानं खाली बघत, पाठ केलेलं म्हणावं तसं म्हटलं.

“वारा किती आहे तिथे?” चष्मेवाल्यानं खड्ड्यातून विचारलं.

“ते मला समजत नाही,” गादीवाला म्हणाला. “मी गादीतला माणूस.”

फोन वाजला. थोरलीनं तो ढिगाच्या काठावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

“ताई,” धाकटीचा आवाज अगदी शांत, खुशीत. “अण्णा आलेत.”

कारखान्यातलं शेवटचं यंत्र थांबलं.

“कुठे आहेत?”

“इथेच. दोरांच्या वेटोळ्यावर बसलेत. डबा फोडला त्यांनी. मटार निघाले.” ती हसली. “म्हणतायत, तू दमलीस, ऊठ, सुकाणू मी धरतो. तू जरा पुढे जाऊन पाय मोकळे कर.”

“उठू नकोस.”

“त्यांना वाईट वाटेल गं.”

“दोर बांधलायस का कमरेला?”

जरा वेळ नुसता वारा ऐकू आला. “काचत होता. अण्णा म्हणाले, सोड.”

थोरलीनं गादीवाल्याकडे पाहिलं. तो ढिगावर बसल्या जागी पांढरा पडला होता. त्यानं सांगितलेलं अजून हवेत होतं: पूर्ण शीड, विमान, करार. धाकटीनं या शर्यतीसाठी घर, नोकरी, एक लग्न ठरत आलेलं, सगळं बाजूला ठेवलं होतं. दुसरा क्रमांक. हातातोंडाशी आलेला.

“छबे,” थोरली म्हणाली. हे नाव तिनं वीस वर्षांत घेतलं नव्हतं. “शिडावर काय लिहिलंय, वाच बघू.”

“जागे राहू.”

“ते माझं चुकलंय. खाली अजून एक शब्द आहे. घडीत अडकलाय.”

“कोणता?”

“नका.”

पलीकडे ती ओठांतल्या ओठांत जुळवत होती. जागे. राहू. नका. नवीन वाचायला शिकलेल्या पोरीसारखं.

“मग घडी सोडू?” ती म्हणाली. “अण्णापण म्हणतायत, पूर्ण चढव.”

गादीवाल्यानं डोळे मिटून घेतले.

“घडी नको सोडूस. सगळंच उतरव. मोठं शीड पार खाली घे, पुढे रुमालाएवढं शीड राहू दे, सुकाणू बांधून टाक आणि बोट वाऱ्यात नुसती तरंगू दे. पण आधी कमरेला दोर. आत्ता. मी ऐकतेय, कडी लागल्याचा आवाज मला ऐकू आला पाहिजे.”

“मग मी मागे पडेन ताई. सगळे पुढे जातील.”

“जाऊ देत. पृथ्वी गोल आहे, कुठे जातील?”

“आणि अण्णा?”

“अण्णांना म्हणावं, ताईनं कारखान्यात बोलावलंय. टाके उसवायचेत, एकटीला होत नाही. त्यांना इकडे पाठवून दे.”

मग खटकन लोखंडी आवाज आला. कडी. मग दोर फडफडण्याचा, कापड कोसळण्याचा, तोच ओळखीचा कुरकुरण्याचा आवाज, ढिगाचा. मग फोन बंद.

“विमान,” गादीवाला हलक्या आवाजात म्हणाला. आठवण करून द्यावी असं नाही, आठवलं म्हणून.

“विमानाला समुद्र दिसेल,” थोरली म्हणाली. “तोही बरा असतो.”

गादीवाल्यानं खिशातून आपला फोन काढला, दाराशी गेला आणि मोठ्या साहेबांना सांगितलं की उद्या तिकडे ढग आहेत, दाट, विमान पाठवण्यात अर्थ नाही. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. खोटं बोलायची सवय जाहिरातवाल्याला असते असं आपल्याला वाटतं. त्याला दिसत नव्हती.

त्या दुपारी कुणी यंत्र चालू केलं नाही. दार उघडं होतं, वारा आत येत होता आणि जमिनीवर पसरलेलं शीड हळूहळू श्वास घेतल्यासारखं वर-खाली होत होतं. थोरली तिच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. तिला पाठीमागून मोज्यांवरची पावलं ऐकू आल्यासारखं झालं, जड, थोडी डुलणारी, जमिनीवर पाय ठरत नसलेल्या माणसाची. कोऱ्या कापडाचा वास आला. तिनं वळून पाहिलं नाही. शेजारची सुई आणि टाके उसवायची उसवणी तेवढी जरा बाजूला सरकवली, बसायला जागा व्हावी म्हणून. चष्मेवाल्यानं ते पाहिलं आणि तो आपल्या चष्म्याच्या काचा पुसत राहिला.

दुसरा दिवस गेला, फोन नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वाजला.

“ताई, किती वाजले?” आवाज घोगरा, चिडका, अगदी नेहमीचा. “कुणी उठवायचं नाही का माणसाला?”

थोरलीनं तोंडावर हात दाबून धरला आणि मगच बोलली. “कितवी आहेस?”

“बघितलं नाही. आठवी? नववी? माझी मान अवघडलीय. शिडावरच झोपले होते.” मग लहान आवाजात, “अण्णा पोचले का?”

“पोचले,” थोरली म्हणाली.

धाकटी नववी आली. बंदरात कंपनीनं धक्क्यावर एक मोठी गादी मांडून ठेवली होती, पांढरी चादर, दोन उशा, भोवती कॅमेरे. तिनं त्यावर पडून हसायचं होतं. ती पडली, हसली, मग उठून बसली आणि थोरलीला म्हणाली, “ही हलतच नाही गं.”

थोरलीनं तिला हाताला धरून कारखान्यात नेलं. ढिगावर, सगळ्यात वर, तिचं मीठ खाल्लेलं शीड टाकलं, त्याखाली बँक, सिगारेट, चहा, आणि तळाशी अण्णांचा तो एक आकडा. धाकटी त्यात शिरली तशी दिसेनाशीच झाली. थोरलीनं खालचा कोपरा उचलून तिच्या अंगावर ओढला.

थोड्या वेळानं गादीवाला आला, कॅमेरा गळ्यात, मोज्यांवर, चोरपावलांनी. पुढचा करार होणार नव्हता हे त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. पण हे चित्र, तो म्हणाला, नुसतं हे एक चित्र मिळालं असतं तर. झोपलेल्या पोरीच्या खांद्यावरून शिडाची कड गेली होती आणि तिच्यावर, माणसाएवढा, पूर्ण उघडा, तो ‘नका’.

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. थोरलीनं मान हलवली.

“जागं करू नका,” ती म्हणाली.

“आवाज होत नाही याचा.”

“तरी.”

तो कॅमेरा धरून उभा राहिला. मग ढिगाच्या दुसऱ्या काठावर, चहावाल्यांच्या बाजूला, अवघडून टेकला. ढीग थोडा खचला, कुरकुरला, सरकला. त्याचा एक पाय आपोआप वर आला. चष्मेवाल्यानं थोरलीकडे पाहिलं, थोरलीनं ओठांवर बोट ठेवलं. गादीवाल्याची मान एकदा, दोनदा पुढे डुलली आणि तिसऱ्यांदा मागे जाऊन सिगारेटवाल्यांच्या न गेलेल्या नावावर टेकली.

त्या दिवशी सगळ्यांनी हातानंच शिवलं.